बाईंचा कंडक्टर

एक घंटा वाजली की पाण्याची मोटर बंद करायची आणि दोन वाजल्या की चालू करायची, हे आमच्या सावेडीच्या गल्लीत कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. शेजारच्या अंबादास अण्णांच्या गच्चीवरून ती घंटा यायची. अण्णा एसटीत कंडक्टर होते. जन्मभर एक बेल मारून गाडी थांबवली, दोन मारून सोडली, त्यामुळे निवृत्तीनंतर त्यांनी जी जी यंत्रं बनवली ती सगळी हीच भाषा बोलायची. टाकी भरली, एक बेल. टाकी रिकामी, डबल बेल. मी शाळेत मराठी शिकवण्यात हयात घालवली, पण माझं बोलणं गल्लीतल्या कुणी इतकं निमूटपणे ऐकल्याचं मला आठवत नाही.

अण्णांना जाऊन आता वर्ष होत आलं. गच्चीवरची घंटा कुणी काढली नाही, तिची बॅटरीच संपली असावी. टाकी हल्ली वाहत राहते आणि मग कुणीतरी खालून ओरडतं. मला दर वेळी वाईट वाटतं, आणि पाण्यासाठी वाटतं असं मी मुळीच म्हणणार नाही.

अण्णा मूळचे तिसगावकडचे. त्यांच्या बायको मालतीताई कोल्हारच्या, प्रवरेच्या काठच्या. "ती पान्याकडली, मी दुष्काळाकडला," अण्णा सांगायचे. "तिच्या माहेरी पाव्हन्याला पाय धुवायला बादली देत्यात. आमच्याकडं तांब्या नुसता दाखवत्यात आन परत ठिवत्यात." मालतीताई तिसगावच्या शाळेत शिक्षिका होत्या. घर नगरला, शाळा तिकडे, म्हणून रोज एसटीने जायच्या आणि पुष्कळदा ती गाडी अण्णांचीच असायची. गाडीत अण्णा त्यांना ओळख देत नसत. एकदा मालतीताई पास घरी विसरल्या, तर या गृहस्थांनी सगळ्या गाडीदेखत त्यांना तिकीट फाडून दिलं. मालतीताईंनी ते जपून ठेवलं आणि रात्री भाकरीच्या जागी अण्णांच्या ताटात वाढलं. ही गोष्ट अण्णाच मला सांगायचे, तीही मालतीताई समोर असताना.

उभं राहण्याची त्यांची एक तऱ्हा होती. स्वयंपाकघर असो की लग्नाचा मांडव, पाठ भिंतीला टेकवून एक पाय पुढे रोवायचे. जमीन कुठल्याही क्षणी ब्रेक मारील अशी त्यांना खात्रीच असावी. कानावर पेन, ओठांत एखादा स्क्रू, आणि समोर कुणी घुटमळलं की "चला, पुढं सरका." देवळाच्या रांगेत त्यांनी एकदा पुजाऱ्यालाच पुढं सरकवलं होतं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत तिकिटांची पेटी आणि पंच गेले आणि हातात मशीन आलं. बरोबरीचे कंडक्टर त्याला शिव्या घालायचे. अण्णा मात्र ते कानाशी धरून हलवून बघायचे. "आत कोन बसलंय ते बघायचं हुतं," ते म्हणाले. "पर माल सरकारी. उघडता येईना." मग निवृत्त झाल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर मायक्रोकंट्रोलरचं एक बोर्ड मागवलं. बोटाएवढी हिरवी पाटी, तिच्यावर मुंगळ्यासारखी एक काळी चिप, दोन्ही बाजूंना पाय. शिकले ते मोबाईलवरचे व्हिडिओ बघून, आणि त्यातले निम्मे तमिळमधले.

"अण्णा, तुम्हाला तमिळ कळतं?" मी विचारलं.

"तोंड कशाला बघायचं, कुलकर्नीबाई? हात बघायचे."

मलाही त्यांनी ती विद्या शिकवायचा प्रयत्न केला. "बोर्ड म्हंजी ड्रायव्हर. त्याला समदं येतं, पर बेल मारल्याबिगर हलत न्हाई. सेन्सर म्हंजी प्याशेंजर, कवा उतरंल न्याम न्हाई. आन आपुन कंडक्टर." यापलीकडे माझी गाडी गेली नाही. एका दुपारी मात्र भिंतीपलीकडून हाक आली, "कुलकर्नीबाई, तुमचा त्यो अर्धविराम लई हरामी हाय." बोर्डासाठी लिहायच्या प्रोग्राममध्ये ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यावा लागतो आणि एक जरी राहिला तरी सगळं अडून बसतं. मी जन्मभर मुलांना अर्धविराम शिकवला, एकाही पोराने तो पेपरात वापरला नाही. इथे एक निवृत्त कंडक्टर त्याच्यापायी जेवण सोडून बसला होता. मला काय आनंद झाला म्हणून सांगू.

यंत्रं फसायचीही खूप. माती सुकली की आपोआप पाणी घालणारं एक यंत्र त्यांनी मालतीताईंच्या तुळशीला बसवलं. दोघं गावाला गेली असताना सेन्सरवर गंज चढला, यंत्राला माती सुकीच वाटत राहिली आणि अख्खी टाकी तुळशीत रिकामी झाली. तुळस कुजली. मालतीताई म्हणाल्या, "दुष्काळी माणसाच्या हाती पाणी दिलं की असंच व्हायचं." अण्णा खाली मान घालून हसत होते. ते त्यांचे सुखाचे दिवस होते.

त्यानंतर मालतीताई विसरायला लागल्या. आधी भाजीत दोनदा मीठ पडू लागलं. मग मला त्या शाळेतल्या कुठल्याशा सहकारी बाईंच्या नावाने हाक मारू लागल्या. एका दुपारी जेवण झाल्यावर पर्स आणि छत्री घेऊन निघाल्या. शाळेला उशीर होतोय म्हणाल्या. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली होती. चौकातल्या ओळखीच्या रिक्षावाल्याने त्यांना परत आणून सोडलं. मग हे रोजचंच झालं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ते अण्णांनी कधी उच्चारलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "बाईंचा रूट बदललाय."

मुलगा सचिन पुण्याला असतो. तो येऊन राहिला, आईची धावपळ पाहून घाबरला आणि जाताना बाहेरच्या दारासाठी कुलूप आणून ठेवून गेला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. लांब राहणाऱ्याला कुलपाचाच आधार वाटतो. पण अण्णांनी ते कपाटात टाकलं. "कडी लावलेल्या घरात मानूस ऱ्हात न्हाई, बाई, सामान ऱ्हातं," ते मला म्हणाले. "जन्मभर सोताच्या पायानं नोकरीला गेली ती. आता मी तिला कोंडू?" सचिनने फोनवर सांगून टाकलं, की आई पुन्हा कुठे हरवली तर मी येऊन तिला घेऊन जाणार, इकडे अशा लोकांसाठी केंद्र आहे तिथे ठेवणार. तेव्हापासून अण्णांना दुसरं काही सुचत नव्हतं. कुलूप न लावता मालतीताईंना घरी ठेवायचं, एवढंच एक काम त्यांच्यापुढे होतं.

त्यांनी दाराला यंत्र बसवायचं ठरवलं. चौकटीला एक स्विच, दाराला लोहचुंबक. दार उघडलं की चुंबक लांब जाणार, बोर्डाला ते कळणार आणि जुन्या ट्रान्झिस्टरच्या स्पीकरमधून अण्णांचा आवाज येणार. हे सगळं साबणाच्या डबीत. तारा जोडून झाल्या, कथलाचे डाग देऊन झाले, आणि गाडी अडली ती वाक्यावर. म्हणून ते माझ्याकडे आले.

"'मालू, कुठे निघालीस?' एवढं पुरे की," मी म्हटलं.

अण्णांनी कानावरचं पेन काढलं. "निघालेल्या मानसाला कुठं म्हनू नये, बाई."

"मशीनला कसला आलाय अपशकुन?"

"मशीनला न्हाई. आवाज माझा हाय ना."

मग 'थांब' म्हणा, असं मी सुचवलं. तेही त्यांना पटेना. एक तर मालतीताईंना हुकूम सोडलेला चालायचा नाही, आणि दुसरं म्हणजे, "थांब म्हनायचं ते गाडीला. बायकूला म्हनायची सवय न्हाई." बराच वेळ बसून चहा संपवून ते उठले, आणि दाराशी गेल्यावर त्यांना सुचलं. दुसऱ्या दिवशी मालतीताईंनी पर्स घेऊन दार उघडलं तेव्हा साबणाच्या डबीतून आवाज आला, "मालू, आज शाळंला सुट्टी हाय." मालतीताई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. "बरं झालं," म्हणाल्या आणि आत जाऊन तांदूळ निवडत बसल्या. अण्णा भिंतीपलीकडून मला हातवारे करून सांगत होते. "आयुष्यभर सुट्टे मागितले, कुलकर्नीबाई. आता सुट्टी वाटतोय."

बरेच दिवस ते छान चाललं. अण्णांच्या तोंडावर पुन्हा रंग आला. मग एका दुपारी ते गच्चीवर टाकीच्या तारा बदलत असताना मालतीताईंनी दार उघडलं, डबीने सुट्टी जाहीर केली, आणि त्या निघून गेल्या. सगळी गल्ली शोधायला बाहेर पडली. चौक, भाजीबाजार, देऊळ, काही काही राहिलं नाही. अण्णा स्टँडवर जाऊन तिसगावच्या प्रत्येक गाडीत डोकावत होते. संध्याकाळी कोल्हारहून मालतीताईंच्या भाच्याचा फोन आला. आत्या इथे आहे, जेवली आहे, आई कुठे गेली म्हणून विचारतेय. मालतीताईंची आई जाऊन किती काळ लोटला होता.

अण्णा त्यांना घेऊन आले तेव्हा माझ्या अंगणातच खाली बसले. "चूक माझीच हाय," म्हणाले. "मास्तरनीला सुट्टी हाय म्हनल्यावर ती माहेराला जानारच की. दर सुट्टीला मीच तर कोल्हारच्या गाडीत बसवून द्यायचो." मी हसले. हसायला नको होतं, पण त्यांनाही हसू आलं, आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरले. त्यांना रडताना मी तेवढंच पाहिलं.

सचिन आला तो आईला न्यायलाच. बाप-लेकाचं काय बोलणं झालं ते भिंतीतून मला ऐकू आलं, नाही म्हणून काय सांगू. सचिन म्हणत होता, "अण्णा, ही खेळणी आहेत. आईचा जीव खेळण्यावर सोडायचा का?" अण्णा म्हणाले, "थोडं दिस दे. न्हाई जमलं तर मीच तिला आनून सोडतो पुन्याला." सचिन चांगला मुलगा आहे. तो एकटाच परत गेला.

आता अण्णांनी दारावरचा आपला आवाज काढून टाकला. जुन्या मोबाईलमधली थरथरणारी मोटर काढली, आणि तंबाखू सोडल्यापासून रिकामी पडलेली डबी शोधून तिच्यात बसवली. दाराखालच्या पायपुसण्यातही एक स्विच घातला. नुसतं दार वाऱ्याने हललं तर खिशातली डबी एकदा थरथरायची, आणि पायपुसण्यावर पाऊल पडून दार उघडलं की दोनदा, दार लागेपर्यंत पुन्हा पुन्हा. "आता तिला थांबवायचं न्हाई," ते म्हणाले. "डबल बेल झाली की आपुन गाडीत बसायचं."

पण नवरा बरोबर आलेला मालतीताईंना चालेना. शाळेत जाताना नवरा मागे मागे कशाला, लोक काय म्हणतील, असं म्हणून त्या चिडायच्या. मग अण्णांनी ट्रंकेतला खाकी सदरा काढला. मालतीताई फाटकाबाहेर पडल्या की हे मागच्या दाराने, माझ्या अंगणातून, त्या वयात बुटकी भिंत ओलांडून पुढे यायचे आणि कोपऱ्यावर त्यांना गाठायचे. पहिल्या दिवशी मी फाटकाशीच उभी होते, म्हणून सगळं ऐकलं.

"तिसगाव का, बाई?" अण्णांनी विचारलं.

"हो. गाडी गेली की काय?"

"न्हाई, यायचीय. उशीर हाय. मी त्याच गाडीचा कंडक्टर. चला, तवर म्होरं सरकू."

दोघं चालत चौकापर्यंत जायची. तिथल्या बाकावर बसायची. मालतीताई शाळेतल्या पोरांच्या तक्रारी सांगायच्या, अण्णा मान डोलवायचे. थोड्या वेळाने अण्णा उठून रस्त्याकडे बघायचे आणि सांगायचे, "बाई, गाडी बंद पडलीय. आज काय येत न्हाई. चला, मी घरापोतर सोडतो." फाटकाशी आल्यावर मालतीताई त्यांना आत बोलवत नसत. परपुरुषाला घरात कसं बोलवणार? "तुम्ही जा आता," म्हणायच्या, "घरी वाट बघत असतील." अण्णा "व्हय, येतो" म्हणून गल्लीला वळसा घालायचे, माझी भिंत चढायचे, मागच्या दारी सदरा बदलायचे आणि नवरा होऊन घरात जायचे. मग मालतीताई त्यांना सांगायच्या, आज एक कंडक्टर भेटला होता, फार सज्जन माणूस. अण्णा मला हे सांगताना लाजायचे. लग्न ठरलेल्या मुलासारखे लाजायचे, आणि मला त्यांची फार माया यायची.

ते दिवस टिकले नाहीत. घरातला हा बिनवर्दीचा म्हातारा कोण, हे मालतीताईंना कळेनासं झालं. त्या घाबरून खोलीचं दार लावून घ्यायच्या, मला हाका मारायच्या, "अहो, कुणीतरी माणूस शिरलाय घरात." अण्णा बाहेरून सांगत राहायचे, मालू, मी हाय, मी हाय, आणि त्या आणखी घाबरायच्या. एक दिवस अण्णा तसेच माझ्याकडे आले. पाठ भिंतीला, एक पाय पुढे. "नवरा म्हनून नापास झालो, कुलकर्नीबाई," म्हणाले. "कंडक्टर म्हनून चालतोय."

त्या दिवसापासून खाकी सदरा त्यांनी उतरवलाच नाही. तो धुवायचा म्हणून तसाच दुसरा शिवून घेतला. घरात मालतीताईंना जेवायला वाढताना ते कंडक्टर, औषध देताना कंडक्टर. मालतीताई विचारायच्या, तुम्ही इथे कसे? तर सांगायचे, "गाडी बंद हाय, बाई, दुरुस्त व्हईपोतर थांबलोय." मालतीताईंना ते पटायचं. गाडीच्या कंडक्टरची त्यांना कधी भीती वाटली नाही. कुलूप कपाटातच राहिलं. सचिन यायचा, बापाला त्या वेषात बघून तोंड फिरवायचा, आणि आईजवळ बसायचा. मी अण्णांना एकदाच विचारलं, की तुम्हाला त्रास नाही होत का, त्यांनी परका म्हणून बोलायचं याचा. ते सोल्डर गन पुसत होते. "व्हतो की," म्हणाले. "पर रोज सोबत येती ना."

त्या दिवशी दुपारी मी कपडे वाळत घालत होते. मालतीताई फाटकाशी पर्स घेऊन उभ्या दिसल्या. बराच वेळ उभ्या होत्या. मी गेले तेव्हा म्हणाल्या, "आज कंडक्टर आले नाहीत हो. ते चुकवत नाहीत कधी." त्यांच्या मागे दार सताड उघडं होतं. मी आत गेले. अण्णा त्यांच्या टेबलाशी खुर्चीत बसले होते, मान एका बाजूला कलली होती. हात गार होता. खाकी सदऱ्याच्या खिशात तंबाखूची डबी थरथरत होती, दोनदा, मग थांबून पुन्हा दोनदा. मी जाऊन दार लावलं, तेव्हा ती थांबली.

डॉक्टर येऊन गेले. गल्लीतल्या माणसांनी अण्णांना बाहेरच्या खोलीत आणून चटईवर ठेवलं. मी सचिनला फोन केला, तो निघाला. मालतीताईंना काय सांगायचं ते कुणालाच कळेना, त्यामुळे कुणीच काही सांगितलं नाही. त्या आपल्या आपणच खोलीतून आल्या, गर्दीतून वाट काढत पुढे झाल्या आणि वाकून अण्णांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"अहो, हे आमच्या गाडीचे कंडक्टर. रोज मला घरापर्यंत सोडतात. यांच्या घरी कळवलंत का कुणी?"

मी म्हटलं, "कळवलंय, मालतीताई. निघालेत."

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. "त्यांच्या घरचं कुणी येईपर्यंत मी बसते." आणि पर्स मांडीवर घेऊन त्या अण्णांच्या उशाशी बसल्या.